नंतर घेऊ

शुक्रवारी सकाळी अनुया नवीन पनवेलच्या हॉलवर पोचली, तेव्हा उपमा संपत आला होता. ट्रेनिंग म्हटलं की मंडळी आधी नाश्त्याचा समाचार घेतात, हे तिला दहा वर्षांत पाठ झालं होतं. कळंबोलीच्या एका गोदामातली बारा माणसं होती आणि काम एकच होतं. बंद पडलेली सकाळची मीटिंग पुन्हा सुरू करायची.

ती बंद पाडली होती सुपरवायझर मुबारकभाईंनी. रोज शिफ्टआधी दहा मिनिटं तेच सगळ्यांशी बोलायचे. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या हाताखालचा विठू पळस्प्याला मोटरसायकल घसरून गेला, आणि भाईंनी तोंड मिटलं ते मिटलंच. आजही ते बोलले नाहीत, तर सोमवारपासून त्यांच्या जागी दुसरा माणूस येणार, हे ऑफिसनं अनुयाच्या कानावर घातलं होतं.

अनुयाची एक पद्धत होती. भिंतीवर मोठा कागद लावायचा, वर लिहायचं 'नंतर घेऊ'. मध्येच कुणाला काही विचारावंसं वाटलं, तर चिठ्ठीवर लिहून तिथं चिकटवायचं. जेवणाआधी मात्र प्रत्येक चिठ्ठी वाचायची, एकालाही उत्तराविना घरी पाठवायचं नाही. या नियमाला ती फार जपायची.

सकाळ मस्त गेली. विठूच्या आठवणी निघाल्या.

"चहाचा भुरका असा मारायचा मॅडम, की फोर्कलिफ्टच्या आवाजातही ऐकू यायचा," मिताली म्हणाली. सगळे खो खो हसले. मुबारकभाई तेवढे हसले नाहीत.

साडेबाराला अनुयानं चिठ्ठ्या काढायला घेतल्या. प्रत्येकाला तिनं एकच दिली होती. बारा वाचून झाल्या, आणि कागदावर एक उरली. खाली, कोपऱ्यात. बाकीच्या निळ्या स्केचपेननं लिहिलेल्या, ही पेन्सिलीनं. जवळ जाताच इंजिन ऑइलचा वास आला. एसीची घरघर कधी थांबली होती, कुणाला कळलंच नव्हतं.

तिनं वाचली. "मुबारकभाई, शनवारी सुट्टी भेटंल का? आईला डोल्यांच्या डॉक्टरकडं न्यायची हाय."



"हे... हे कुणी लिहिलं?" मिताली कुजबुजली.

मुबारकभाई उठले. चिठ्ठी घेऊन त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "विठूचंच अक्षर..." ते म्हणाले. "तो गेला त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारच्या मीटिंगमध्ये त्यानं हात वर केला होता. ट्रक येऊन लागलेला. मी म्हटलं, नंतर घेऊ. शनिवारी ड्युटी संपवून तो घाईघाईनं घरी निघाला... या अल्लाह, एवढंसं ऐकून घेतलं असतं तर!"

अनुयाच्या अंगावर सर्रकन काटा आला होता. पण नियम तो नियम. "उत्तर द्या, भाई," ती हळूच म्हणाली.

मुबारकभाईंनी समोरच्या रिकाम्या दाराकडे पाहिलं. "घे रे, विठू. घे सुट्टी. आईला मी नेतो. उद्याच नेतो."

एसी पुन्हा सुरू झाला. भाईंनी चिठ्ठी खिशात घातली आणि तिथंच उभ्याउभ्या बोलायला लागले. ट्रक, हेल्मेट, सुट्ट्या, सगळ्यावर बोलले. शेवटी दरडावून म्हणाले, "सोमवारी आठला सगळे हजर पाहिजेत. काय?" सगळी माणसं रडतरडत हसली आणि मग बिर्याणीवर तुटून पडली. इतकं समाधान अनुयाला कुठल्याच ट्रेनिंगनं दिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी विचुंब्याला घरी बसून, रिपोर्ट लिहायला तिनं तो कागद उलगडला. चिठ्ठ्या तर तिनं सगळ्या काढल्या होत्या. तरी कोपऱ्यात एक होती.

"पलस्प्याला थांबतो."

तिनं घाईनं फोन लावला. "भाई, कुठं आहात?"

"पळस्प्याला, मॅडम!" मुबारकभाईंचा आवाज अगदी मोकळा होता. "विठूच्या आईला आणायला निघालोय. गाडी चालवता चालवता एकदम इथं थांबावंसं वाटलं. म्हटलं चहा घेऊ. आणि गंमत बघा, एकटा असून दोन सांगून बसलो..."

ते अजून बोलतच होते. त्यांचं वाक्य चालू असतानाच, अगदी फोनजवळून, चहाचा एक लांबलचक भुरका ऐकू आला.