अर्धा मग लाटेचा

दोरा तुटलेला नव्हता.

काल संध्याकाळी डिंक्याने ‘टिटवी’च्या दाराला काळा दोरा आडवा लावला होता, दोन्ही टोकं खळीने घट्ट चिकटवून. जे हाताला लागेल ते चिकटवायचं हा त्याचा जुना छंद, नावही त्यावरूनच पडलेलं. आता सकाळच्या धुक्यात तो दोरा जागच्या जागी होता. त्यावर दवाचे थेंब ओळीने बसले होते, एकही न सांडता.

“म्हणजे आत कोणी गेलं नाही,” डिंक्या म्हणाला.

“दारातून कोणी गेलं नाही,” मिरीने दुरुस्ती केली. मिरी त्याची धाकटी बहीण. मिऱ्याएवढीच, आणि तेवढीच तिखट. “ज्यांना दार लागत नाही, ते गेले असतील.”

“मिरे, गप.”

दोघांनी चोरून भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी त्यांची चुलतबहीण. सुट्टीत दरवर्षी ती दोघं तिच्या घरी येत, कारण तिच्या घरासमोर लाकडी धक्का होता आणि धक्क्याला ‘टिटवी’ बांधलेली असे. शिडाची छोटी होडी. खाली उतरलं की दोन बाकांची एक खोली, चार माणसं बसली तर आठ गुडघे एकमेकांवर आपटणार. ‘टिटवी’ भिंगरीच्या बाबांची. ‘भिंगरी’ हे नावही बाबांनीच ठेवलेलं, कारण ती एका जागी ठरत नसे. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. ते पाण्यात गेले नव्हते. दवाखान्यात, चांगल्या कोरड्या पलंगावर गेले. तेव्हापासून भिंगरी फिरायची थांबली होती. नाव मात्र तेच राहिलं.

दोरा शाबूत पाहून तिला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते निराळंच होतं, आणि ते ती कोणाला सांगणार नव्हती.

बाबा म्हणायचे, शिडाच्या होडीत वारा सांभाळणं सोपं, चहा सांभाळणं कठीण. त्यामुळे ‘टिटवी’वर पिण्याच्या प्रत्येक वस्तूची व्यवस्था होती. बाटल्या जुन्या लोकरी मोज्यांत घालून खुंटीला टांगलेल्या. पेल्यांखाली ओलं फडकं, म्हणजे ते घसरत नाहीत. किटलीच्या तोटीला बूच. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे झुला. डाव्या भिंतीतून पुढे आलेल्या दांडीवर पितळेची दोन कडी, एकात एक, आणि तळाशी शिशाचा गोळा. त्यात बाबांचा कान उडालेला पांढरा मग बसायचा. होडी कितीही कलंडली तरी मग सरळच्या सरळ. त्यातही नियम असा, की मग अर्धाच भरायचा. “अर्धा आपला, अर्धा लाटेचा,” बाबा सांगत. “तिचा वाटा ठेवला नाही, तर ती आपल्यातून घेते.”

चहा झाला की बाबा चमचा मगावर दोनदा वाजवायचे. टिण्, टिण्. मग भिंगरी असेल तिथून धावत सुटायची.

गेले काही दिवस, संध्याकाळ कलली की बंद ‘टिटवी’तून तोच आवाज येत होता. टिण्, टिण्.

काल तो आला तेव्हा आई भांडी घासत होती. तिचे हात पाण्यातच थांबले. मग तिने खिडकी लावून घेतली आणि डिंक्याच्या पप्पांना, म्हणजे भिंगरीच्या काकांना, शांतपणे सांगितलं, “भावजी, ते दाताचे डॉक्टर होडी बघायला कधीचे मागे लागलेत ना? उद्याच दाखवा. मला ती आता इथे नको.”

म्हणून दोरा. म्हणून आज सकाळी ही तिघं.

“आत जायचं का?” डिंक्याने विचारलं. “मी मागे थांबतो. कोणीतरी पाठ राखायला हवी.”

“माझी राख,” मिरी म्हणाली आणि दोऱ्याखालून आत शिरली.

खोलीत गारवा होता, आणि ओल्या लाकडाचा वास. धुक्यामुळे खिडकीची काच दुधासारखी दिसत होती. भिंगरी खाली उतरली, आणि तिची नजर सरळ झुल्याकडे गेली.

मग तिरका झाला होता.

कोणीतरी कानगोष्ट ऐकायला वाकावं, तसा तो डाव्या भिंतीकडे झुकला होता. त्या भिंतीवर काकांनी गेल्याच आठवड्यात एक चकचकीत स्टीलचा कप-होल्डर बसवला होता. पुढेमागे येणाऱ्या गिऱ्हाइकावर छाप पडावी म्हणून त्यांनी असे दोन आणले होते, एक डाव्या भिंतीला, एक उजव्या. मग आता त्या होल्डरला जवळजवळ टेकला होता.

“बाबा मग आणि भिंत यांच्यामध्ये मूठभर जागा ठेवायचे,” भिंगरी हळूच म्हणाली. “रोज मूठ घालून बघायचे.”

“ढकलला असेल कोणी,” डिंक्या दारातूनच म्हणाला.

भिंगरीने मग हाताने सरळ केला आणि सोडला. तो भिंतीकडे परत गेला, अगदी आपल्या मर्जीने, आणि होल्डरवर आपटला.

टिण्.

मिरीने भिंगरीचा फ्रॉक मुठीत धरला. डिंक्याचं डोकं दारातून नाहीसं झालं.

पळून जावं असं भिंगरीलाही वाटलं. पण बाबांच्या मगापासून पळायचं म्हणजे कुठे? तिने मोज्यातली बाटली काढली, मगात पाणी ओतलं. सवयीने अर्धंच. मग त्यात डोकावली.

पाणी सगळीकडून काठापासून सारखंच खाली होतं.

“डिंक्या, इकडे ये. मग तिरका असता तर पाणी एका काठाला चढलं असतं की नाही?”

“असतं,” डिंक्या लांबूनच म्हणाला.

“नाही चढलेलं. बाबा म्हणायचे, झुला कधी हलत नाही भिंगरे, आपण हलतो.” मग तिने भिंतीकडे पाहिलं, दाराच्या चौकटीकडे पाहिलं. “मग सरळच आहे. वाकडी ‘टिटवी’ झालीय.”

आता डिंक्या आत आला. भूत नाही म्हटल्यावर त्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ संचारलं होतं. डाव्या बाकाखालची फळी त्यानेच उचलली. खाली काळंशार पाणी डुचमळत होतं. मिरीने बोट बुडवून जिभेला लावलं.

“शी! मिरे!”

“खारट,” मिरीने निकाल दिला.

“म्हणजे पिण्याच्या टाकीचं नाही,” भिंगरी म्हणाली. “समुद्र आत येतोय.”

पाणी कुठून येतं ते शोधायला फार वेळ लागला नाही. होल्डरखाली भिंत ओली होती. डिंक्याने बोटं घातली, आणि एकदम काढून घेतली.

“मऊ लागतंय. गुलाबी आहे.” त्याने बहिणीकडे पाहिलं. “माझं नाही हं. चिकटलेलं दिसलं की सगळे माझ्याकडेच बघतात.”

भिंगरीने वास घेतला. पुदिना.

“पप्पांचं च्युइंगम,” मिरी म्हणाली.

मग सगळं उलगडलं. होल्डर बसवताना काकांचा एक स्क्रू तिरका गेला. लांब होता, आरपार गेला. त्यांनी तो काढला आणि तोंडातलं काढून भोकावर थापलं. रोज संध्याकाळी समोरून मोठी फेरीबोट जाई, तिच्या लाटा भोकापर्यंत चढत, थोडं पाणी आत येई, आणि ‘टिटवी’ आणखी थोडी डावीकडे कले. त्याच लाटांनी ती डोलली की मग होल्डरवर आपटे.

“आज ते डॉक्टर आले की पप्पा शीड लावणार,” डिंक्या म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “वाऱ्याने होडी डावीकडे कलंडली, की ते भोक पाण्याखाली.”

काका पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकलं, म्हणजे पेपर न खाली करता ऐकलं.

“अरे, होडी आहे ती, कपाट नव्हे. थोडी ओली असणारच.”

“पण काका, भोक आहे.”

“आतल्या फळीला आहे गं, बाहेरच्या नाही. आणि ती कललेली नाही, दोर ताणलाय. माझा अर्धा जन्म होड्यांवर गेलाय.”

“चढण्या-उतरण्यात,” मिरी पुटपुटली.

“आणि हे बघा, पाहुण्यांसमोर तिघांनी एक शब्द बोलायचा नाही. वहिनींना ती होडी डोळ्यांसमोर नकोय. त्यांना आणखी त्रास देऊ नका.”

‘टिटवी’चं नाव काढलं की आई उठून आत जायची, हे खरंच होतं. वर्षभरात ती धक्क्यावरसुद्धा आली नव्हती. आणि आज ‘टिटवी’ गेली, की झुला जाणार, बाबांचा मग जाणार, आणि आईच्या मनात तो आवाज कायमचा राहणार.

तिघं पायरीवर येऊन बसली.

“शब्द बोलायचा नाही म्हणाले,” भिंगरी विचार करत म्हणाली. “लिंबूपाणी द्यायचं नाही, असं नाही म्हणाले.”

संध्याकाळी डॉक्टर आले, पत्नीला घेऊन. डॉक्टरांची पँट इतकी पांढरीशुभ्र होती की मिरीला बघूनच आनंद झाला. डॉक्टरीणबाई धक्क्यावरच थांबल्या. काकांनी डॉक्टरांना खाली नेलं, उजव्या बाकावर बसवलं, आणि स्वतः समोर डाव्या बाकावर ऐसपैस बसले.

“हे बघा डॉक्टरसाहेब, नवे कप-होल्डर. वादळ येऊ दे, थेंब सांडायचा नाही.”

तेवढ्यात मिरी तबक घेऊन उतरली. एक शब्द न बोलता तिने काठोकाठ भरलेला ग्लास डॉक्टरांच्या शेजारी, उजव्या भिंतीवरच्या होल्डरमध्ये ठेवला. काठाशी लिंबूपाणी क्षणभर थरथरलं. मग एका बाजूने ओघळलं, आणि थेट त्या शुभ्र मांडीवर.

“अहो!” डॉक्टर उडालेच.

“कारटे!” काका ओरडले. “डॉक्टरसाहेब, माफ करा, माझ्या वजनाने कलली असेल.”

“मग काका, तुम्ही जरा धक्क्यावर जा,” मिरीमागून उतरलेली भिंगरी म्हणाली. शब्द बोलायचा नाही हा नियम आता मोडलाच होता. “डॉक्टरकाका, तुम्ही मधोमध उभे राहा. मिरे, ग्लास परत भर.”

काका वर गेले. ग्लास परत भरला. परत त्याच बाजूने सांडला. समोरच्या भिंतीशी झुल्यात बाबांचा मग होता, अर्धा भरलेला. त्यातलं पाणी काठापासून सारखं, आरशासारखं सपाट. डॉक्टरांनी ग्लासकडे पाहिलं, मगाकडे पाहिलं. भिंगरीने डाव्या बाकाखालची फळी उचलली.

काका डावीकडे बसल्याने भोक पाण्याला टेकलं होतं, आणि सकाळपेक्षा पाणी वाढलं होतं.

डॉक्टरांनी वाकून भोकातला गुलाबी गोळा बोटाने चाचपला, आणि वर दारात आलेल्या काकांकडे मान वळवली. “मीसुद्धा पोकळ्या भरतो, साहेब. पण च्युइंगमने नाही.”

काकांचं चघळणं थांबलं.

त्याच वेळी बाहेर फेरीबोटीचा भोंगा वाजला. उजेड कमी झाला होता. लाटा आल्या, ‘टिटवी’ डोलली, आणि मगाने भिंत गाठली.

टिण्, टिण्.

धक्क्यावर धावती पावलं वाजली. आई होती. ओल्या हातांनीच आली होती, आणि दारात येऊन थबकली.

“आई, ये,” भिंगरी म्हणाली. “खाली ये. बघ.”

आई एकेक पायरी उतरली. पुन्हा लाट आली. टिण्. भिंगरीने मग आणि होल्डर यांच्यामध्ये आपली मूठ घातली. मग तिच्या बोटांवर येऊन टेकला, अगदी हलके.

आवाज थांबला.

“एवढंच?” आईने विचारलं.

“एवढंच,” भिंगरी म्हणाली. “मलाही वाटत होतं, की...”

“हो,” आई म्हणाली. तिने भिंगरीची मूठ आपल्या हातात घेतली. मग गार होता, हात ऊन होता. आई सुटल्यासारखी दिसत होती, आणि काहीतरी दुसऱ्यांदा हरवल्यासारखीही.

“या मुलीने आज आम्हाला बुडण्यापासून वाचवलं,” डॉक्टर म्हणाले. “तिघांनीही. माझी पँट गेली त्याचं दुःख नाही. आणि बाई, भोक बुजवून मिळाली तरी होडी मी आनंदाने घेईन. असा झुला मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही.”

“झुला आमच्या यांनी केला होता,” आई म्हणाली. आणि झुल्याकडे बघत, “होडी विकायची नाहीये. तुम्हाला हेलपाटा पडला.”

काकांनी दुसऱ्याच दिवशी बाह्या सरसावल्या. पाणी उपसलं, होल्डर उतरवले, भोक आतून-बाहेरून नीट बुजवलं. डिंक्या मदतीला होता. चिकटवण्याच्या कामात आज प्रथमच त्याला कोणी रागावलं नाही. “पोरांनो, माझ्या डोक्यापेक्षा तुमच्या त्या मगाला जास्त कळतं,” काका म्हणाले.

“आम्ही कधीच म्हटलं होतं,” मिरी म्हणाली.

त्या संध्याकाळी फेरीबोट गेली. भिंगरी धक्क्याच्या टोकाला उभी होती. लाटा आल्या, ‘टिटवी’ सरळ उभी राहून डोलली, आणि आतून काहीही ऐकू आलं नाही. भिंगरी ऐकत राहिली. पाणी खांबांना लागत होतं, तेवढंच. ही शांतता आवाजापेक्षा मोठी होती.

आणि मग, लाटा विरल्यावर, खोलीतून आवाज आला.

टिण्, टिण्.

स्टोव्ह पेटवायला आई आत गेल्याचं तिने स्वतः पाहिलं होतं. चमचा कोणाच्या हातात आहे, मग किती भरलेला असेल, सगळं तिला ठाऊक होतं. तरी ती होती तिथून धावत सुटली.