काटा पन्नासावर होता

मीटर खरा निघाला आणि धाकटा भाऊ खोटा ठरला.

जीपखाली येऊन एक म्हातारा शिंपी गेला होता. ब्रेकच्या खुणा साठीचा वेग सांगत होत्या. त्या रस्त्यावर पन्नासाचीच मुभा. जीप चालवणारा धाकटा एकच पालुपद धरून बसला होता, काटा पन्नासावर होता. आज वेग तपासायच्या रोलरवर जीप चढवली. काट्याचे पन्नास म्हणजे चोख पन्नास भरले. आता त्याचा तुरुंग चुकत नव्हता.

इन्स्पेक्टर बाईंना ते पटेना. खोटंच बोलायचं तर माणूस चाळीस सांगेल, पन्नासाला का अडून बसेल?

त्या जीपपाशी उकिडव्या बसल्या. मडगार्डच्या आत रबर घासल्याचा ताजा काळा पट्टा होता. टायर मात्र त्यापासून चांगली चार बोटं लांब. चाकाच्या नटांवर बारीक पिवळी रेघ ओढलेली. बाईंनी ती नखाने खरवडली, तर रंग नखाला चिकटला.

पोलिसांच्या आवारात जागा नव्हती, म्हणून चाचणीपर्यंत जीप थोरल्या भावाच्याच गॅरेजात ठेवली होती. शहाणपणाचा कळसच! जीपही त्याचीच. धाकट्याने घराण्याचं नाव घालवलं, असं तो भेटेल त्याला ऐकवत होता.

"अपघातानंतर जीपला हात लावलात?" बाईंनी त्याला विचारलं.

"बोटसुद्धा नाही."

"ही पिवळी रेघ कशाला?"

"नट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. नट आवळला की मी स्वतः ओढतो, दुसऱ्यावर सोडत नाही." हे सांगताना त्याची मान ताठ होती.

"मग ती अजून ओली कशी?"

बाईंनीच पुढचं उलगडलं.

"मीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं असलं, तर एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि काट्याला ते कळत नाही. तुम्ही मोठे टायर चढवलेत, ते मडगार्डला घासत होते. मीटर जुळवून घ्यायचा मात्र कंटाळा केलात. काटा पन्नास दाखवायचा, जीप साठीच्या घरात असायची. म्हातारा गेल्यावर जुने टायर परत बसवलेत, चाचणी बिनचूक यावी म्हणून. आणि हाताला खोड जडलेली, रेघही ओढलीत."

"गॅरेज बंद पडलं असतं, बाई," थोरला म्हणाला. "तो एकटा जीव. दोन-तीन वर्षांत सुटला असता."

बाईंना शिसारी आली. मोठे टायर मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली सापडले.

धाकट्याला सोडताना त्यांनी विचारलं, टायर बदललेले तुला कळले नव्हते का?

"कळले होते. दादा म्हणाला, मीटर जुळवलाय."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"वाटलं, दादा स्वतः येऊन सांगेल." त्याने बाईंकडे पाहिलं. "त्याने सांगितलं, की तुम्हालाच शोधावं लागलं?"

बाईंनी खरं काय ते सांगितलं. धाकट्याने मान हलवली, चपला पायात सरकवल्या आणि घरचा रस्ता सोडून भलतीकडेच चालू लागला.