दादाची किल्ली

पहिल्यांदा खटकली ती अक्षरं. नवा कोरा कॉम्प्युटर, नुकताच खोक्यातून काढलेला. पण आज्ञा लिहायची ती काळी खिडकी उघडली, तर अक्षरं चांगली टपोरी. तिच्या अधू डोळ्यांसाठी दादा करून द्यायचा, अगदी तेवढीच.

‘असतील मुळातच तशी,’ तिने स्वतःला समजावलं. दारावरची बेल वाजली तरी दचकणारी ती. तिच्या मनाचं काय ऐकायचं!

आजवर तिचं प्रत्येक मशीन दादानेच लावून दिलं होतं; हे पहिलंच ती स्वतः लावत होती. “माकडाच्या हाती कोलीत,” म्हणत तो प्रोग्रामिंगचं सगळं सामान बसवायचा आणि शेवटी स्वतःसाठी, दुरून आत शिरायची, एक किल्ली त्यात ठेवायचा. ती अडली, की आपल्या घरी बसून तिच्या मशीनमध्ये शिरायचा. एकदा त्याने न विचारता तिचा प्रोग्राम सुधारला आणि ती उसळली.

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“बरं बाई, यापुढे विचारल्याशिवाय पाऊल नाही टाकणार.”

तरी रागाच्या भरात तिने त्याची किल्ली पुसून टाकली. मग अबोला. आणि गेल्या आठवड्यात अपघात. दादा तेव्हापासून बेशुद्ध होता, आणि ती वॉर्डच्या दारातूनच परतली होती. काय तोंडाने आत जायचं?

दुपार कलली होती. घरात नुसती पंख्याची घरघर, नव्या प्लॅस्टिकचा वास. प्रोग्राम लिहिताना एका जागी गाडं अडलं ते अडलंच. “दादा असता तर...” ती पुटपुटली.

पडद्यावर ओळ उमटली. दादाच्या मशीनवरून कोणीतरी आत येऊ पाहत होतं. परवानगी? हो की नाही?

तिने इंटरनेटची वायर उपटली. ओळ तशीच... दार वाजवून कुणी निमूट उभं राहावं, तशी.

“दादा?”

आणि भीतीने, निव्वळ भीतीने, तिचं बोट ‘नाही’वर पडलं.

ओळ मिटली. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. तिने वहिनीला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा...

“अगं, पळापळीत ऐकूच आला नाही,” वहिनी अखेर दबक्या आवाजात म्हणाली. “त्याची बोटं हलत होती गं... चादरीवर. टाइप करतो ना, तशी. मी डॉक्टरांना घेऊन आले...”

“मग?”

“बघ ना... तेवढ्यात थांबली.”