न वाजलेली घंटी

“पोपट, तोंडावर उशी दाब! दिवा लागला!”

ताईने दटावलं तसं पोपटने हसू गिळलं आणि तो पलंगावर गपगार पडून राहिला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईच्या फोनचा लाल दिवा लुकलुकत होता. आईने हातातली सुरी आणि अर्धवट चिरलेला कांदा बाजूला सारला आणि फोन घेतला.

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने आतली घंटी दाबली की फोन थेट आईकडे यायचा. त्याला धीर द्यायचा आणि मेकॅनिक पाठवायचा, हे तिचं काम. शाळा होती तोवर ते घरबसल्या बिनबोभाट चाललं. सुट्टी लागली आणि पोपटची टकळी सुरू झाली! त्याला पोपट म्हणायचे ते काही उगाच नाही. कंपनीचे साहेब मधूनच आईचे फोन ऐकत. त्यांनी बजावलंच होतं, “पुन्हा पोरांचा आवाज आला, तर उद्यापासून ऑफिसात येऊन बसा!” बाबा कायम फिरतीवर. आई ऑफिसात गेली, तर या दोघांकडे बघणार कोण? म्हणून दिवा लागला की सातवीतली ताई पोपटवर पहारा ठेवायची.

“घाबरू नका, मी आहे. बोला,” आई फोनवर म्हणाली.

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग अगदी बारीक आवाज आला, “अजून बोल ना.” आणि फोन कट!

“पुन्हा ती कोपऱ्यावरची पिवळी इमारत,” आई पुटपुटली. “रोज दुपारी हेच. मेकॅनिक जाऊन बघतो तर लिफ्ट चालू, आत कोणी नाही. लहान मूल आहे गं कुणाचं तरी.”

तिने साहेबांना तसं सांगितलं. साहेब उखडले. “म्हणजे खोड्याच ना! तिथली घंटी तोडून टाका.” आईने नाइलाजाने संगणकावरून त्या लिफ्टची घंटी बंद केली. नंतर बराच वेळ ती कांद्याला हात न लावता नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला नाही. येणार तरी कसा? पण ताईला चैन पडेना. “पोपट, ते मूल आज घंटी दाबत असेल आणि कोणी बोलत नसेल. चल!”

“वॉचमन हाकलून देईल!”

“देऊ दे. ऊठ!”

पिवळ्या इमारतीत वॉचमनकाका खुर्चीत पेंगत होते. लिफ्टचा दिवा विझलेला.

“काका, लिफ्टला काय झालं?”

“बंद पडली. मेकॅनिक येईल उद्या. चला, पळा इथून!”

“पण आत कोणी असलं तर?”

“अगं शहाणे, आत कोणी असतं तर घंटी नसती वाजली?”

ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती घंटी कालच तोडली, हे या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं! तिने दरवाजाला कान लावला आणि टकटक केलं. वरून कुठूनतरी उलट टकटक आली. अगदी हळू.

“उंदीर असेल,” काका म्हणाले. ताईची नजर त्यांच्या टेबलावरच्या फोनकडे गेली तसे ते ओरडले, “त्या फोनला हात लावायचा नाही हं!”

पोपटने ताईकडे पाहिलं आणि तो धूम जिन्यावर पळाला. “काका! वर पाणी! धो धो वाहतंय! लवकर या!” शिव्या घालत काका वर धावले. ताईने झडप घालून टेबलावरचा फोन उचलला. आईच्या कामाचा नंबर तोंडपाठ होता. पण बोट थबकलं. साहेब ऐकत असले तर आईचं घरचं काम आजच संपलं! वरून पुन्हा टकटक आली. तिने नंबर फिरवला.

“नमस्कार, घाबरू नका, मी आहे.”

“आई, मी ताई! पिवळ्या इमारतीत. ते मूल आत अडकलंय!”

 आई म्हणाली, “मेकॅनिकला आत्ता पाठवते. तू दारापाशीच थांब, बाळा.”

आईने घंटीही पुन्हा जोडली आणि लिफ्टमध्येच फोन लावला. बंद दारामागून, वरून आईचा आवाज येऊ लागला. ती गोष्ट सांगत होती, मधेच गात होती. मेकॅनिक येईपर्यंत ती थांबली नाही.

आतून निघाली सहा वर्षांची घामाघूम मुलगी, गळ्यात घराची किल्ली. वॉचमनकाकांनी फोन केला तसे तिचे बाबा कारखान्यातून काळ्या हातांनीच धावत आले. “शाळा असते तेव्हा निभतं हो. सुट्टीत हिला कुठे ठेवू? घरातच थांब म्हणून सांगितलं होतं,” म्हणत ते मटकन पायरीवर बसले आणि रडले. काका मान खाली घालून म्हणाले, “पोरांनो, आज तुम्ही होता म्हणून! मी आपला झोपा काढत बसलो.”

मुलीला आणि तिच्या बाबांना घेऊन ताई आणि पोपट घरी आले, तेव्हा आई नुकताच फोन ठेवत होती. “कोण होतं?” ताईने विचारलं.

“साहेब होते. सगळं ऐकत होते,” आई म्हणाली. “म्हणाले, घंटी तोडायला मीच सांगितलं, चूक माझी. तुमची मुलं धीराची आहेत. त्यांच्या आवाजाबद्दल पुन्हा बोलणार नाही.” मग ती मुलीच्या बाबांकडे वळली. “उद्यापासून हिला इथे सोडून जात जा.”

ती मुलगी मात्र दारातच उभी होती. आईकडे अनोळखी बाईकडे बघावं तशी बघत होती. पोपटने बोलावलं तरी ती आत येईना. मग तिने डोळे गच्च मिटून घेतले.

“आता बोल,” ती म्हणाली.

आई खाली बसली. “घाबरू नकोस, मी आहे.”

डोळे मिटूनच ती धावत सुटली आणि आईच्या गळ्यात पडली.