एक घर पुढे

एएनएम नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मुलींना खेड्यावर पाठवतात. हर्षाच्या वाट्याला जिवतीच्या डोंगरावरचं एक उपकेंद्र आलं. दोन खोल्या, दारात हातपंप आणि मागे उतारावर पसरलेली कापसाची शेतं. डिसेंबर होता. बाया सकाळीच वेचणीला जायच्या, म्हणून गरोदर आणि बाळंतिणींच्या भेटी नऊच्या आत सुरू कराव्या लागत.

हर्षा गोंडपिपरीची. ती सातवीत असताना वडील, देवराव, गेले. आई मीराबाई शाळेतली खिचडी शिजवायची आणि त्यावर हिला शिकवायची. त्यामुळे हर्षाला नापास होण्याची चैन परवडणारी नव्हती. अभ्यासात ती बरी होती, अक्षर सुरेख होतं, सुई टोचताना हात कापत नसे. पण एक गोष्ट तिला जमत नव्हती आणि ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

बीपी मोजताना स्टेथोस्कोप कानात घातला की तिला स्वतःच्याच छातीतली धडधड ऐकू यायची. पट्ट्यातली हवा सोडताना ठोका कुठं सुरू झाला आणि कुठं बुडाला, तेच कळायचं नाही. पहिल्या वर्षी वॉर्डात मागे रांग असायची, शिकवणाऱ्या बाई खेकसायच्या. अशाच एका घाईत तिनं अंदाजानं एकशेवीस-ऐंशी लिहून टाकलं. कुणी काही म्हटलं नाही. मग ते सवयीचं झालं.

उपकेंद्राच्या जाहिदा सिस्टर चंद्रपूरच्या. तोंडानं फटकळ, पण डब्यातली अर्धी पोळी हर्षाला दिल्याशिवाय जेवायच्या नाहीत. पहिल्याच सोमवारी त्यांनी अकरा घरांची यादी तिच्या हातात दिली. "एकेकीले नीट पायजो. गडबड करू नको."

दुसऱ्या घरी ओली बाळंतीण होती. हर्षाला बघून ती हसली. "आता तं पाहून गेली बाई. पुन्हा काऊन?"

हर्षाला वाटलं, जाहिदा सिस्टर पुढे येऊन गेल्या असतील, आपली परीक्षा घेत असतील. तिनं मुकाट्यानं बाळाचं वजन केलं. दोन किलो सातशे. "त्या बाईनंबी तेवढंच सांगितलं," बाळंतीण म्हणाली. तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरी मोरीतला साबण ओला होता आणि खाटेच्या नवारीवर कुणी नुकतंच बसून उठल्याचा खोलगटपणा होता.

दुपारी परत आली तेव्हा जाहिदा सिस्टर पायातल्या चपला काढत होत्या. लशीचा डबा आणायला त्या सकाळी सातलाच जीपनं आरोग्य केंद्रात गेल्या होत्या.

"दुसरी कोणी सिस्टर येते का इथं?" हर्षानं विचारलं.

"दुसरी? मी अकरा सालापासून इथी एकलीच हाय." सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं. "का झालं?"

"काही नाही."

हर्षा भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या घरातली नव्हती. तिच्या घरी बाबासाहेबांचा फोटो होता, आणि प्रश्न पडला की उत्तर शोधायचं, अशी शिकवण होती. तिनं शोधायचं ठरवलं. बुधवारी यादी उलटी केली आणि अकराव्या घरापासून सुरुवात केली. बाई तिथं येऊन गेली होती. शुक्रवारी उजाडताच निघाली. चूल पेटायची होती, दव पडून वाट ओली होती, वाटेवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. घरात सासू म्हणाली, "चुकामूक झाली पाय. आत्ताच गेली."

"कोणत्या बाजूनं?"

सासूनं दाराकडे बोट केलं. त्याच दारातून हर्षा आत आली होती.

बाई दिसायला कशी, हे कुणाला नीट सांगता येईना. पांढरी साडी, यावर सगळ्यांचं एकमत. वय कुणी तीस सांगे, कुणी साठ. चेहरा विचारला की बाया थांबायच्या, आठवू पाहायच्या, आणि थोड्या ओशाळायच्या. "हात लय गार होते तिचे," एवढं मात्र सगळ्या सांगायच्या.

वस्तीतल्या आशा कार्यकर्त्या कलाबाई तिच्यासोबत फिरायच्या. त्यांना हर्षानं शेवटी विचारलंच. कलाबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "काम चांगलं होऊन राह्यलं नं, बाई? कोणाले तरास नाई नं? मंग काऊन उकरता?"

तिसऱ्या आठवड्यात रिनाचं घर पुन्हा आलं.

रिनाला आठवा महिना होता, पहिलीच खेप. मागच्या भेटीत हर्षानं तिचं बीपी मोजलं होतं. दारात कलाबाई उभ्या, रिनाची सासू चहाचा आग्रह करतेय, कानात स्वतःचीच धडधड. कार्डावर तिनं सुरेख अक्षरात एकशेवीस-ऐंशी लिहिलं होतं.

आज रिना वेचणीला निघायच्या तयारीत, डोक्याला फडकं बांधून ओट्यावर बसली होती. डोकं दुखतं म्हणाली, पण थंडीनं असेल.

"बाई येऊन गेली?" हर्षानं आता सवयीनं विचारलं.

"हो. तुमच्यासाठी निरोप देल्ला तिनं."

हर्षाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. आजवर बाईनं तिच्यासाठी काही ठेवलं नव्हतं.

"म्हणे, तिले सांग, पुन्हा मोज. आकडा नको लिहू, आवाज आईक."

कलाबाई वाटेकडे बघत राहिल्या. हर्षा खाली बसली. पट्टा नीट बांधला. तिनं स्टेथोस्कोप कानात घातला, डोळे मिटले, हवा भरली, हळू सोडली. आणि पहिल्यांदाच तिची स्वतःची छाती गप्प झाली. कुणीतरी आतून हात ठेवावा तशी. त्या शांततेत रिनाचा ठोका दारावर थाप पडल्यासारखा आला.

एकशे सत्तर. शेवटचा ठोका बुडाला तेव्हा काटा एकशे दहावर होता.

तिनं पुन्हा मोजलं. तेच. पायाच्या घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा पडून राहिला. हर्षानं फोन काढला. रेंजसाठी बाभळीखाली धावत गेली, एकशेआठची रुग्णवाहिका बोलावली, जाहिदा सिस्टरना सांगितलं. गाडीला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ती रिनाला डाव्या कुशीवर निजवून तिचा हात धरून बसली. चंद्रपूरला पोचेपर्यंत रिनाला झटके आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलगी झाली, दोघी वाचल्या. रिना त्या दिवशी शेतात गेली असती आणि अजून दोन तास उशीर झाला असता तर दोन्ही जीव गेले असते, असं तिथल्या डॉक्टरांनी जाहिदा सिस्टरना फोनवर सांगितलं.

गाडी उतारावरून दिसेनाशी झाल्यावर हर्षा रिनाच्या रिकाम्या अंगणात परत आली. कलाबाई पुढे निघून गेल्या होत्या. तिला रडू येत होतं, लाजही वाटत होती. त्या खोट्या आकड्याचं ती कुणापुढे बोलली नव्हती आणि तरीही कुणीतरी जाणून होतं. रागावलं नव्हतं, फक्त पुन्हा मोज म्हणालं होतं. तिनं मोकळ्या वाटेकडे बघून हात जोडले. ओठातल्या ओठात म्हणाली, "जय भीम, बाई. लय उपकार झाले."

वाट तशीच होती. वाऱ्यानं कापसाचं बोंड हललं एवढंच.

पुढच्या घरी म्हातारी धान पाखडत होती. वर न बघता म्हणाली, "हर्षा तूच का? ते बाई म्हणून गेली, तिले सांगजो, आयकू आलं."

हर्षा मागे न बघता काम करत राहिली.

संध्याकाळी तिनं जाहिदा सिस्टरना खोट्या आकड्यांचं सगळं सांगितलं. सिस्टरनी बाही वर सरकवली. मग त्यांनी आपला हात पुढे केला. "घे. मोज. शंभर वेळा मोज." पुढचे तीन आठवडे हर्षा रोज त्यांचं बीपी मोजत होती. परीक्षेत प्रात्यक्षिकाच्या बाईंनी तिचा आकडा स्वतः मोजून ताडून पाहिला आणि मान डोलावली. ती पहिल्या वर्गात पास झाली. मुंबईहून नर्सिंग परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र कॉलेजात आलं, त्यावर तिचं नाव होतं आणि नावापुढे नंबर.

प्रमाणपत्र घेऊन ती एसटीनं गोंडपिपरीला उतरली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. कामाच्या दिवशी आई या वेळी शाळेत असायची. आज घरी होती. नवं लुगडं नेसली होती. प्रमाणपत्र हातात घेऊन तिनं नावावरून बोट फिरवलं, पदरानं डोळे पुसले.

"आज गेली नाहीस?"

"नाई. बाई म्हणे, आज नको जाऊ."

"कोणती बाई?"

"तुह्याच कामाची. सकाळी आल्ती. लय मायाळू, बापा."

हर्षानं पिशवीतून मशीन काढलं. बीपी मोजलं. नाडी मोजली. छाती तपासली. घोटे दाबून पाहिले. सगळं ठीक होतं.

"काय म्हणाली? दवाखान्यात जा म्हणाली का? गोळी सांगितली?"

"नाई. मशीन काढलंच नाई तिनं. नुसती हात धरून बसली." आई ताटं घेत होती. "मी इचारलं, काई औषीद लागंल का? तं म्हणे, आता काई नाई लागत. पोरगी येऊन राह्यली, तिच्यासंग जेवा."

हर्षा उभीच होती.

"आनखीन?"

"म्हणे, घाई नका करू. सावकाश होऊ द्या. मी बाहेर बसते."

ओट्यावरून आत येताना हर्षाला कुणी दिसलं नव्हतं.

आईनं गरम भात वाढला, वर वरण, कडेला वांग्याची भाजी. "बस नं बाप्पा, निवून राह्यलं."

हर्षा तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. जेवण संपू नये म्हणून एकेक घास चावून, रिनाचं, जाहिदा सिस्टरचं, सगळं सांगत, पुन्हा पुन्हा वाढून घेत जेवली. आई हसत होती. दोन वाजले, तीन वाजले, भात गार झाला, चार वाजले.

बाहेरून कुणी घाई केली नाही.