उड्डाणापूर्वी काढा

"हललास! हललास! डोळा हलला तुझा!"

"डोळा हलला तर चालतं! ताई, सांग ना ह्याला!"

काडीने मानसुद्धा वर केली नाही. जुन्या लढाऊ विमानाच्या पंखाखाली तेवढीच काय ती सावली होती, आणि त्या सावलीत ती पालथी पडली होती. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते, तरी उकाड्याने जीव नकोसा झाला होता. तिचा धाकटा भाऊ टिल्लू एका पायावर उभा होता आणि मावसभाऊ ढब्बू त्याच्याभोवती घिरट्या घालत होता. सुट्टी लागल्यापासून ह्या दोघांनी 'स्टॅच्यू'चा नुसता उच्छाद मांडला होता. समोरच्याने 'स्टॅच्यू' म्हटलं की पुतळा व्हायचं, 'ओव्हर' म्हणेपर्यंत हलायचं नाही. टिल्लू जेमतेम सात वर्षांचा. जेवणात, अंघोळीत, झोपेत तो कोणाच्या बापाचं ऐकत नसे, पण ह्या खेळात हरायला मात्र तयार नसे. परवा ढब्बू 'ओव्हर' म्हणायचं विसरून जेवायला निघून गेला, तर हा पठ्ठ्या अंगणात तसाच उभा!

"चालतं," काडी म्हणाली. "आणि आता दोघंही गप्प बसा. डोकं उठवलंत."

काडीचं खरं नाव वेगळं होतं. पण अंगावर मूठभर मांस नाही म्हणून मावसभावाने तिला काडी म्हटलं, बदल्यात तिने त्याला ढब्बू म्हटलं, आणि दोन्ही नावं चिकटली ती चिकटलीच.

ढब्बूची आई, म्हणजे काडीची मावशी, ह्या विमानांच्या संग्रहालयाची प्रमुख होती. संग्रहालय कसलं, लढाईच्या काळातला एक ओसाड विमानतळ, त्यावर रंग उडालेली चार विमानं आणि एक पत्र्याची शेड. पण आता हवाई दलाच्या गोदामातून हे दोन सीटचं लढाऊ विमान आलं होतं, आणि आज संध्याकाळी त्याचं उद्घाटन होतं. मुलांना चक्क विमानात, मागच्या सीटवर, बसता येणार होतं! पहिला मान सगळ्यात लहान म्हणून टिल्लूचा. कार्यक्रमाला संग्रहालय समितीच्या अध्यक्षांनी हौसेने नाव दिलं होतं, 'उड्डाण'.

मावशीची अवस्था मात्र बघवत नव्हती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस कसेतरी बांधलेले, आणि एकाच वेळी चार माणसं चार बाजूंनी हाका मारत असलेली. शिड्या, रंगाचे डबे, मोडक्या खुर्च्या कार्यक्रमाआधी हलवा असं सांगून सांगून तिचा घसा बसला. शेवटी तिने एक युक्ती काढली. लाल पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, त्यांवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'उड्डाणापूर्वी काढा', आणि जे जे हलवायचं त्याला एकेक पट्टी बांधून टाकली.

"ओ बाई!" वरून, विमानाच्या मागच्या सीटपाशी रंग मारत असलेले पेंटरकाका ओरडले. "आतमध्येपण लावलंय, उड्डाणापूर्वी काढा! हे पण काढू का?"

मावशीच्या एका कानाला फोन होता. "लिहिलंय ना? मग काढा की! सगळं काढा आणि मला विचारू नका!"

वर जरा वेळ खाटखूट झाली. मग पेंटरकाका शिडीवरून उतरले, त्यांनी एक लांब लाल फीत टिल्लूच्या चड्डीत मागे खोचली आणि म्हणाले, "घे, शेपूट!" शिडीलाही पट्टी बांधलेली होतीच. ती खांद्यावर टाकून ते चालते झाले.

टिल्लू शेपूट नाचवत पळायला लागला. फितीच्या टोकाला काहीतरी होतं, ते दर उडीला त्याच्या पोटरीवर आपटायचं आणि तो "आई गं" म्हणून पुन्हा उडी मारायचा. काडी थोडा वेळ बघत राहिली, मग नाइलाजाने उठली.

"इकडे ये. दाखव ते."

फीत कापडाची होती, जुनी, उन्हाने पार विटलेली. त्यावर छापलेलं होतं, 'उड्डाणापूर्वी काढा'. टोकाला बोटाएवढी जाड पोलादी पिन.

"मावशीच्या पट्ट्या पुठ्ठ्याच्या आहेत," काडी म्हणाली. "ही कापडाची. मावशीची नाहीच मुळी!"

"मग कोणाची?" ढब्बूने पिन हातात घेतली आणि त्याचे डोळे चमकले. "गुप्तहेराची! नाहीतर खजिन्याची किल्ली! काडे, सुट्टी सत्कारणी लागली बघ!"

"किल्लीला दात असतात, अक्कलशून्य."

"तुझ्यासारखे?"

पेंटरकाका शेडमागे ब्रश धूत बसले होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मागच्या सीटवर तो पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा दांडा आहे ना, त्याच्या बुडाशी खुपसून ठेवली होती. अशी घट्ट की विचारू नका! पक्कड लावून ओढली."

घट्ट बसवलेली वस्तू कोणी उगाच बसवत नाही, हे काडीला आपलं आपणच कळलं. ती मावशीकडे गेली. मावशीने फितीकडे बघितलंदेखील नाही.

"आत्ता नको गं राणी. पाया पडते तुझ्या. संध्याकाळनंतर काय ते विचार."

मग ती आणि ढब्बू अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष माईकवर "हॅलो, हॅलो" करत होते. त्यांनी पिन उलटीसुलटी करून पाहिली. "वा! जुनी वस्तू! ठेवा हं आठवण म्हणून," असं म्हणून त्यांनी ढब्बूच्या गालाचा चिमटा घेतला आणि पुन्हा हॅलो हॅलो सुरू केलं.

"आजोबांना विचारू या," काडी म्हणाली.

"आजोबांना?" ढब्बूने तोंड वाकडं केलं. "विमानाचं नाव काढलं की ते कूस बदलून झोपतात."

ते खरंच होतं. आजोबा, मावशीचे वडील, हवाई दलात वैमानिक होते. लढाईत त्यांचं विमान पडलं, ते वाचले, पण पाठ कायमची कामातून गेली. संग्रहालयाच्या समोरच, रस्त्यापलीकडे घर असूनही त्यांनी तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. कोणी आग्रह केला तर म्हणायचे, "बघून झाली विमानं. दमलो मी." एवढंच.

तरी दोघं घरी गेली. पण दारातच काडीच्या आईने पाव आणायला पिटाळलं, पाव आणल्यावर जेवायला बसवलं, जेवल्यावर आजोबांची झोप मोडायची नाही म्हणून दम दिला. टिल्लू नवे कपडे घालून, भांग पाडून, आईचा हात धरून कार्यक्रमाला गेलासुद्धा. आजोबा जागे झाले तेव्हा चहाची वेळ झाली होती. ते नेहमीसारखे सतरंजीवर उताणे पडले होते. काडीने फीत त्यांच्यासमोर धरली.

आजोबा कूस बदलून झोपले नाहीत. ते ताडकन उठून बसले. पाठीतून कळ गेली असणार, त्यांचा चेहरा वाकडा झाला, पण तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"कुठून आणलीस? बोल लवकर!"

काडीने सांगितलं.

"ही सुरक्षेची पिन आहे. ही आत असली की दांडा कितीही ओढा, काही होत नाही. ही बाहेर असली आणि दांडा ओढला, की सीटखालची दारू पेट घेते..."

"दारू?" ढब्बू दचकला.

"स्फोटाची रे गाढवा, प्यायची नव्हे! आणि माणूस सीटसकट घराच्या उंचीवर फेकला जातो. विमान पडायला लागलं की वैमानिक असाच सुटतो. म्हणून उडायच्या आधी पिन काढायची आणि उतरल्या उतरल्या परत घालायची."

"पण आता दारू काढली असेल ना, आजोबा? एवढं जुनं विमान!"

"असेल. नसेल. कोणी बघितलंय?" आजोबा भिंतीला धरून उभे राहत होते. "सीटवर कोण बसणार आहे?"

"टिल्लू," काडी म्हणाली.

ढब्बूने मावशीला फोन लावला. फोन वाजत राहिला, कोणी उचलेना. "दांड्याच्या बुडाशी, उजव्या हाताला भोक आहे!" आजोबा ओरडले. "पूर्ण आत जाऊ दे, खट् आवाज यायला हवा! पळ, माझ्यासाठी थांबू नकोस!"

काडी पळाली. कार्यक्रम सुरू व्हायला अजून अवकाश होता, निदान असं तिला वाटत होतं. पण अध्यक्षांना पुढे दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं, म्हणून त्यांनी सगळं अलीकडे ओढलं होतं. दुपारी उभारलेला मांडव गच्च भरला होता. विमानाला नवी रंगीत शिडी लावलेली, आणि वर, मागच्या सीटवर, मोठं हेल्मेट घातलेला टिल्लू!

"आणि आता आपला चिमुकला वैमानिक!" कर्ण्यातून अध्यक्षांचा आवाज घुमला. "बाळ, इकडे बघ! तो पिवळा-काळा दांडा धर बरं! हं, दोन्ही हातांनी! आता फोटोसाठी असा जोरात ओढ!"

काडी गर्दीच्या मागच्या टोकाला होती. छातीचा भाता झालेला. ओरडली असती तर त्या गोंगाटात कोणाला ऐकू गेलं असतं? आणि "ओढू नकोस" म्हटलेलं टिल्लूला ऐकू गेलं असतं, तर त्याने आधी ओढलं असतं! आपल्या भावाला ती चांगली ओळखून होती. खुर्च्यांमधून, लोकांच्या पायांवर पाय देत ती पुढे घुसली, व्यासपीठावर चढली आणि तिने अध्यक्षांच्या हातातला माईक हिसकावला.

"टिल्लू! स्टॅच्यू!"

सगळा मांडव चिडीचूप झाला. पहिल्या रांगेतली दोन-तीन पोरं सवयीने पुतळे झाली. आणि वर टिल्लू, दांड्यावर दोन्ही हात, तोंड उघडं, जागच्या जागी थिजला.

"अहो, ही कोण मुलगी? काय चाललंय काय?" अध्यक्ष भडकले.

"काडे!" मावशी धावत आली. "अगं, आजच सुचलं का तुला हे?"

काडी तोवर अर्ध्या शिडीवर होती. मावशीचा हात तिच्या फ्रॉकला लागला, पण मागून धावत आलेला ढब्बू मध्ये आडवा आला. "आई, थांब! तिला जाऊ दे! आजोबांनी सांगितलंय!" आजोबांचं नाव ऐकून मावशी थांबली.

वर टिल्लूच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तो श्वाससुद्धा घेत नव्हता. काडीने दांड्याच्या बुडाशी वाकून पाहिलं. उजव्या हाताला भोक होतं, भोवती ताजा रंग. पहिल्यांदा पिन त्या रंगावरून बाजूला घसरली. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि पुन्हा जोर लावला.

खट्.

"आता हात सोड," ती म्हणाली. "ओव्हर."

"मी हललो नाही हं!" टिल्लूने मोठा श्वास घेतला. "ढब्बूला सांग!"

काडीने त्याला असा काही घट्ट धरला की तो ओरडायला लागला. मग दोघं शिडीने खाली आली.

आजोबा तेवढ्यात, कमरेवर हात ठेवून, एकेक पाऊल टाकत मांडवात पोचले होते. त्यांनी मोजक्या शब्दांत सगळं सांगितलं, हवाई दलाच्या तळावर फोन लावला आणि सगळ्या लोकांना विमानापासून लांब बसवलं. अध्यक्षांनी चुळबुळ केली, दारू वगैरे काही नसणार असं म्हणून पाहिलं, पण आजोबांच्या नजरेपुढे त्यांचं काही चाललं नाही. ऊन उतरता उतरता तळावरची माणसं आली. त्यांचा अधिकारी सीटखालून दारूची नळी काढून बाहेर आला. तिच्याकडे बघत त्याने रुमालाने मान पुसली.

"जिवंत आहे," तो म्हणाला. "गोदामाला वाटलं दुरुस्तीच्या कारखान्याने काढली, कारखान्याला वाटलं तुम्ही काढाल."

मावशी मटकन खाली बसली. "मीच काढा म्हणाले. माझ्याच पट्ट्या समजून. बघितलंसुद्धा नाही मी!" ती रडायला लागली, आणि काडी नुसती तिला चिकटून बसली.

अध्यक्षांचा चेहरा उतरला होता. पण माणूस मनाने वाईट नव्हता. दुसऱ्या कार्यक्रमाला न जाता ते माईकपाशी गेले. "मुलांनी मला पिन आणून दाखवली होती, आणि मी गालाचा चिमटा घेतला," ते म्हणाले. "ह्या पोरांनी आज आम्हां मोठ्यांची लाज राखली. शाब्बास!" टाळ्यांचा कडकडाट झाला. अधिकाऱ्याने काडीला आणि ढब्बूला कडक सलाम ठोकला. ढब्बूची छाती फुगली. काडीला मात्र कधी एकदा आडवी होतेय असं झालं होतं.

मग आजोबांनी माईक मागितला. सगळ्यांना वाटलं, ते नातवंडांचं कौतुक करणार.

"ह्याच जातीचं विमान आम्ही उडवायचो," आजोबा म्हणाले. "मी पुढे, माझा दोस्त मागे. त्या दिवसांत झोप कोणालाच नव्हती. उतरायचं, इंधन भरायचं, पुन्हा उडायचं. एकदा अशा घाईत मागच्या सीटची पिन काढायची राहून गेली. काढणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, दोस्ताच्या नाही, माझ्याही नाही. वर गेल्यावर विमानाला आग लागली. मी दांडा ओढला आणि सुटलो. त्यानेही ओढला असेल. कितीदा ओढला असेल, ते मला ठाऊक नाही."

मावशी रडायची थांबली. हे तिनेसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.

"मी कोणावर रागावलेलो नाही. लेकी, तुझ्यावरही नाही. दमलेली माणसं चुकतात. अशा वेळी कोणीतरी विचारावं लागतं. आमच्यात त्या दिवशी कोणी विचारलं नाही." त्यांनी टिल्लूकडे पाहिलं. "इतकी वर्षं मी इकडे फिरकलो नाही. आज आलो, आणि मागच्या सीटवरचं पोर शिडीने चालत खाली येताना बघितलं. मला एवढंच बघायचं होतं."

त्यांनी माईक खाली ठेवला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. काडीने पुढे होऊन त्यांचा हात धरला, तर त्यांनी आपला सगळा भार तिच्या खांद्यावर टाकला.

"चला रे पोरांनो, घरी," आजोबा म्हणाले. "वाटेत त्या दोस्ताचं नाव सांगतो तुम्हाला."