डेलचा हात

"अहो, यंदा ती डेलची गोष्ट नको. केदारने उर्वीला अजून काही सांगितलेलं नाही."

"नाव कोण घेतंय? ओळखीतला एक मुलगा म्हणेन. गेल्या वर्षी ऐकल्यापासून पोरं मागतायत गं."

दिगंबरकाका आणि शोभनाकाकू स्वयंपाकघरात बोलत होते, आणि दाराच्या पलीकडे, गराजमध्ये, उर्वी मसाला दुधासाठी पेपर कप शोधत होती. कोजागिरीची रात्र होती, अमेरिकेतल्या ट्रॉय गावातलं काकांचं घर. केदार त्यांचा पुतण्या. उर्वीशी त्याचं लग्न होऊन चार महिने झाले होते. लग्न जुळवताना याच दोघांनी केदारचा पगार, व्हिसा, पत्रिका, अगदी त्याला शेंगदाणे चालत नाहीत हेसुद्धा सांगितलं होतं. एवढी चोख माणसं काही गाळतील असं वाटायला जागाच नव्हती.

ती कप घेऊन बाहेर आली आणि काही न ऐकल्यासारखी दूध ओतू लागली. बॅकयार्डात शेकोटी पेटली होती. सगळे जवळ सरकून बसले होते. केदारची खुर्ची तेवढी लांब, कुंपणाशी.

"काका, स्टार्ट ना!" कॉलेजातली अनन्या शालीत गुरफटून म्हणाली. "बट इज इट रिअली ट्रू?"

"म्हणजे काय! माझ्या ओळखीतला मुलगा. दिवसा इंजिनिअर आणि वेळ पडली की फायर डिपार्टमेंटचा व्हॉलंटियर. दोन वर्षं होतील आता. हॅलोविनची आदली रात्र, सोमवार. एका घराच्या बेसमेंटला आग. वरच्या बाईला वाटलं, खाली भाडेकरू अडकलाय. हा आणि त्याचा जोडीदार डेल आत शिरले."

'नाव कोण घेतंय' म्हणणाऱ्या काकांनी नाव घेतलं होतं. काकूंनी दुधाचा कप जरा जोरात ठेवला.

"पाठीवर टाकी असते ना, त्यात ऑक्सिजन नसतो बरं का. आपली साधीच हवा, दाबून भरलेली. संपत आली की अलार्म वाजतो. आणि एकाचा वाजला की दोघांनी निघायचं. जोडीदाराला सोडून यायचं नाही. याला हे सगळं डेलनेच शिकवलेलं."

"मग?"

"भाडेकरू नव्हताच. खाली नुसता धूर. स्वतःचा हात दिसेना. आणि याचा अलार्म वाजला. हा ओरडला, चल! जिना चाचपडत निघाला. तेवढ्यात खांद्यावर हात पडला. घट्ट. डेलचा. एक पायरी... दुसरी... हात तसाच. दार आलं. अंगण आलं. याने मास्क काढला. मागे वळला..."

काका थांबले. लाकूड तडकलं.

"मागे कुणी नव्हतं."

"शी, काका!"

"डेल खालीच होता. रॅक पडून पाय अडकलेले. जिन्यापर्यंत आलाच नव्हता. मग खांद्यावरचा हात कुणाचा?" काकांचा आवाज भरून आला. "जाता जाता पोराला वाचवून गेला. अशी माया असते!"

 अनन्याने डोळे पुसले. उर्वी केदारकडे बघत होती. त्याने मान वर केली नाही. तो एवढंच म्हणाला, "काका, बास आता."

"अगं उर्वी, दूध गार होतंय," काकू घाईने म्हणाल्या. "केदारला दे ना."

उर्वीने कप उचलला. चार पावलं गेली. थांबली. तिला वाटलं, तो आता तरी आपण होऊन सांगेल. एक शब्द पुरला असता.

केदार जमिनीकडे बघत राहिला...

मग ती वळली. शेकोटीभोवतीच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"काका, तुमच्या गोष्टीतला मुलगा रोज झोपेत बोलतो. 'सोड मला. सोड, माझी हवा संपतेय.' मला वाटायचं, माझाच हात जड होतो त्याला. म्हणून काल मी खाली सोफ्यावर झोपले." तिचा आवाज शांत होता. "आज सकाळी त्याच्या खांद्यावर पाच बोटांचे वळ होते."